कंद भाजा, पाणी बेतानं घाला

वाचकांचे प्रश्न • या महिन्याचा विषय: भाजलेल्या कंदांचं सूप

मार्गशीर्ष-पौषात कोकणातल्या आठवडा बाजारांत रताळी, कणगर, कोनफळ, सुरण, अळकुड्या यांचे ढीग लागतात आणि या सदराकडे सुपाबद्दलची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. भाजलेल्या मुळांच्या सुपाच्या कृती मुख्यतः थंड देशांतल्या. त्या गाजर, सलगम, सेलरीचं मूळ अशा पाणीदार मुळांसाठी लिहिलेल्या असतात. आपण त्याच कृतीत आपले पिठूळ कंद घालतो. भाजणं, वाटणं, पातळ करणं या तिन्ही ठिकाणी त्यामुळे गणित बदलतं.

घरात ओव्हन नाही. गॅस आहे आणि परसात चूल आहे. कंद नीट भाजायचे कसे? कढईत ते बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. – वाचक, दापोली

ओव्हन नसल्याने काही अडत नाही. चार माणसांसाठी पाऊण किलो कच्चे कंद, २ मध्यम कांदे आणि सालासकट ८-१० लसणीच्या पाकळ्या घ्या.

गॅसवर भाजायचं तर बिडाची किंवा जाड लोखंडी कढई हवी. रताळं, कणगर यांचे तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. गाजर आणि बीट उशिरा शिजतात, त्यांचे तुकडे दोन सेंटिमीटरचे ठेवा. चिरलेले तुकडे फडक्यावर पसरून कोरडे करा, ही पायरी टाळू नका. तुकड्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही आणि खरपूस रंग त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर येतो. कढई मध्यम आचेवर ५ मिनिटं तापवा, २ चमचे खोबरेल तेल घाला आणि तुकडे एकाच थरात मांडा. एकावर एक पडले तर ते भाजत नाहीत, स्वतःच्याच वाफेत उकडतात. पाऊण किलोचे दोन घाणे होतील, होऊ द्यात.

पहिली ८-१० मिनिटं झाकण नको आणि सारखं ढवळणंही नको. एक बाजू तपकिरी झाली की परता, आता मीठ घाला (आधी घातलं तर पाणी सुटतं), आच मंद करा आणि झाकण ठेवून १२-१५ मिनिटं शिजू द्या. शेवटी झाकण काढून ३-४ मिनिटं कोरडं करा. तुमची कढई बहुधा पहिल्यापासून मोठ्या आचेवर असते, म्हणून साल जळते आणि गाभा तसाच राहतो. आधी रंग, मग झाकण, हा क्रम पाळलात की हा प्रश्न सुटेल.

कढईच्या बुडाला धरलेली तपकिरी खरपुडी घासून टाकू नका. अर्धी वाटी गरम पाणी घालून उलथन्याने ती सोडवा आणि सुपात घाला. निम्मी चव तिच्यात असते.

चुलीवर चव आणखी चांगली येते, पण जाळात नव्हे, निखाऱ्यात. करवंटीचे निखारे कडक असतात आणि त्यांना धूर कमी. त्यावर राखेचा बोटभर थर द्या, दीड-दोनशे ग्रॅमची अख्खी रताळी, कणगरं आत पुरा आणि दोनदा फिरवत ३५-४५ मिनिटं ठेवा. झाडूतली नव्हे, स्वच्छ हिराची काडी टोचून पाहा. आरपार सहज गेली की झालं. सोलताना पाण्याखाली धरू नका, धुराचा वास तिथेच वाहून जातो. ओल्या फडक्याने पुसलं तरी राख निघते.

ज्यांच्याकडे ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे त्यांनी २०० अंशांवर, दोन्ही कांड्या चालू ठेवून, मधल्या जाळीवर ३५-४० मिनिटं भाजावं आणि विसाव्या मिनिटाला परतावं. वर फॉइल घालू नये. फॉइल घातलं की ते वाफवणं झालं.

सूप मिक्सरमधून काढल्यावर खळीसारखं चिकट होतं, चमच्याला तार धरतं. पाणी वाढवलं तरी जात नाही. काय चुकतं? – वाचक, मालवण

चूक मिक्सरची आहे. कंद शिजताना त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, पण पेशींच्या आतच राहतो. नुसतं कुस्करलं तर पेशी एकमेकींपासून सुटतात आणि पोत मऊ, रवाळ येतो. मिक्सरचं पातं पेशी फोडतं, फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि चिकटा तयार होतो. वेग जितका जास्त आणि वेळ जितका जास्त, तितकी तार जास्त. बटाटा, अळकुड्या आणि कोनफळ या बाबतीत सर्वांत नाठाळ. अळकुड्या आणि कोनफळात वर त्यांचा स्वतःचा बुळबुळीतपणाही असतो. सुरण आणि रताळं त्या मानाने सोसतात. कांदा, लसूण, गाजर, बीट, लाल भोपळा यांत स्टार्च नगण्य, ते कितीही वाटा.

म्हणून दोन वाटे करायचे. भाजलेला कांदा, सोललेली लसूण, गाजर किंवा भोपळा हे थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढा. पिठूळ कंद मात्र पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र नसेल तर गरम असतानाच पावभाजीच्या मॅशरने कुस्करून पिठाच्या नाही, रव्याच्या चाळणीवर दाबा. मग दोन्ही एकत्र करा. साधारण ४०० ग्रॅम पिठूळ कंदांना ३०० ते ३५० ग्रॅम गाजर-भोपळा असं प्रमाण ठेवा. नुसत्या कणगराचं सूप कितीही काळजी घेतली तरी जडच होतं.

आता पाणी. पाऊण किलो कच्च्या कंदांचे सोलून-भाजून साधारण साडेपाचशे ग्रॅम उरतात. त्याला १ लिटर द्रव पुरतो. तो गरमच घाला, तीन वेळा थोडा थोडा, प्रत्येक वेळी रवीने घुसळून. रवी पेशी फोडत नाही, फक्त मोकळ्या करते. किसलेलं इंचभर आलं, अर्धा चमचा मिरपूड आणि दीड चमचा मीठ घालून मंद आचेवर ८-१० मिनिटं रटरटू द्या. कंद भाजताना मीठ घातलं असेल तर इथे एकच चमचा घाला, बाकीचं चव पाहून. गॅस बंद करताना सूप तुम्हाला हवं त्याहून थोडं पातळ दिसलं पाहिजे. ताटात येईपर्यंत स्टार्च आळतो.

एकदा तार धरली की ती पाण्याने तुटत नाही, फक्त पातळ तार मिळते. ते सूप वाचवायच्या भरीस पडू नका. भाजणी, कांदा, कोथिंबीर घालून त्याची थालिपीठं लावा, चांगली होतात.

एक सूचना सर्वांसाठी: गरम पदार्थ मिक्सरच्या भांड्यात निम्म्याहून जास्त भरू नका. वाफ कोंडून झाकण उडतं आणि हात भाजतो. आधी १० मिनिटं निवू द्या.

पोपटीनंतर बटाटे, कणगरं आणि शेंगा हमखास उरतात. त्यांचं सूप होईल का? – वाचक, अलिबाग

होईल, आणि या सदरातलं सर्वांत सोपं हेच. पोपटी म्हणजे भांबुर्डीच्या रानपाल्यात वालाच्या शेंगा, कंद, अंडी, कोंबडी भरून जाळावर भाजलेलं मडकं. ते पाण्याचा थेंब न घालता लागतं, त्यामुळे कंद आधीच कोरडे भाजलेले असतात. शिवाय रात्रभर थंड झालेल्या बटाट्यातला स्टार्च आळून घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी कुस्करताना कमी चिकटतो. वरच्या उत्तरातला अर्धा त्रास इथे आपोआप टळतो.

३०० ग्रॅम बटाटे-कणगरं सोलून कुस्करा. शेंगा सोलून एक वाटी वालाचे दाणे वेगळे ठेवा, ते अख्खेच शेवटी घालायचे. भांबुर्डीच्या पाल्याचे चिकटलेले तुकडे नीट वेचून काढा. मडक्यात त्याचा वास हवाहवासा वाटतो, पण पाण्यात उकळला की कडवट उतरतो. एक कांदा तव्यावर काळसर भाजून वाटा. पाऊण ते एक लिटर पाणी लागेल. ओवा आणि खडे मीठ पोपटीत सढळ हाताने पडलेलं असतं, म्हणून सूप पूर्ण उकळून चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका आणि ओवा तर मुळीच नको.

अंडी सुपात नकोत. कोंबडी त्याच रात्री फ्रिजमध्ये गेली असेल तरच तिचे तुकडे वापरा आणि सुपात चांगली उकळी येऊ द्या. शेतावर मडक्यातच सकाळपर्यंत राहिलेली कोंबडी टाकून द्या.

सुरणाचं सूप केलं आणि सगळ्यांचे घसे खाजले. भाजल्यावर खाज जाते असं ऐकलं होतं. – वाचक, गुहागर

नुसत्या भाजण्याने जात नाही. सुरणात आणि अळकुड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. कोरड्या आचेवर बाहेरचा भाग भाजतो, आत मात्र ते तसेच राहतात. सुरणाला आंबट पाणी आणि भरपूर शिजणं, दोन्ही हवं.

हाताला तेल लावा. हात ओले नसावेत. साल चांगली जाड, जवळजवळ सेंटिमीटरभर काढा. तीन सेंटिमीटरचे तुकडे ६-७ आमसुलं आणि चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग त्याच पाण्यात १०-१२ मिनिटं उकळा. आमसुलं नसतील तर लिंबाएवढी चिंच चालेल. पाणी फेकून द्या, ते सुपात वापरायचा मोह नको. तुकडे चाळणीत निथळून फडक्यावर पूर्ण कोरडे करा आणि त्यानंतरच भाजायला घ्या. सूप करण्याआधी एक तुकडा चावून पाच मिनिटं थांबा. खाज जाणवली तर आणखी उकळा.

विकत घेताना 'गजेंद्र' जातीचा सुरण मिळाला तर पाहा, तो लागवडीसाठी मुद्दाम कमी खाजरा निवडलेला आहे. रानातला सुरण सुपासाठी घेऊच नका. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ऑक्झलेटमुळे सुरण डॉक्टरांना विचारूनच खावा.

नारळाचं दूध घातलं की सूप फाटतं. आमसुलं आधी घालावीत की नंतर? – वाचक, देवगड

उष्णता आणि आंबट एकत्र आले की फाटतं. सोलकढी फाटत नाही कारण ती थंड असते. नारळाच्या दुधातली प्रथिनं उकळीला गोळा होतात आणि स्निग्धांश सुटून वर तरंगतो. आंबट असेल तर हे उकळीच्या आधीच होतं.

एका मध्यम नारळाच्या खवात वाटीभर कोमट पाणी घालून वाटा आणि पिळा, हे जाड दूध. चोथ्यात पुन्हा दीड वाटी पाणी घालून काढा, ते पातळ दूध. पातळ दूध सुपाच्या पाण्याचा भाग म्हणून सुरुवातीपासून वापरता येतं. जाड दूध शेवटी. ४-५ आमसुलं अर्ध्या वाटी गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून कोळून ठेवा. गॅस बंद करा, उकळी पूर्ण बसू द्या, कोळ घाला, ५ मिनिटं थांबा, मग पाऊण वाटी जाड दूध ढवळत घाला. यानंतर भांडं पुन्हा आचेवर नाही. कोकमाचं आगळ वापरणार असाल तर दोन चमचे पुरे, पण त्यात मीठ असतं, तेवढं सुपातलं मीठ आधीच कमी करा.

रताळं-बटाट्याच्या सुपात कंदांचा स्टार्चच दुधाला सांभाळून घेतो. फक्त गाजर-बिटाचं सूप असेल तर अर्धा चमचा तांदळाचं पीठ पाण्यात कालवून आधी शिजवून घ्या. फाटलेलं सूप खायला चालतं, दिसायला वाईट एवढंच.

कोनफळाचं सूप जांभळं होण्याऐवजी राखाडी-निळं झालं. – वाचक, रत्नागिरी

लोखंडी कढई वापरलीत का? कोनफळाचा जांभळा रंग अँथोसायनिनचा. लोखंडाच्या संगतीत तो मळकट निळसर होतो, चुनखडीच्या पाण्यात किंवा सोडा पडला तर निळा-हिरवट, आणि आंबटात गुलाबीकडे झुकतो. कोनफळापुरता ओटीजी किंवा स्टीलचं जाड भांडं वापरा आणि कोळलेली दोन आमसुलं घाला. हळद टाळा.

सूप नुसतं गोड लागतं, भरीव वाटत नाही. शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही उपाय सांगा. – वाचक, सावंतवाडी

भाजल्याने गोडी वाढतेच, आणि पाण्यात ती एकटी पडते. सुपाच्या चौकोनी वड्या आणि गरम मसाला हा त्यावरचा उपाय नाही. दोन्हींनी सगळी सुपं एकाच चवीची होतात. पाणी बदला.

शाकाहारी सुपाला कुळथासारखा आधार दुसरा नाही. १०० ग्रॅम कुळीथ रात्रभर भिजवून सव्वा लिटर पाण्यात कुकरच्या ५-६ शिट्ट्या द्या, कढण गाळून घ्या आणि तेच सुपाचं पाणी म्हणून वापरा. खालचे कुळीथ उसळीला. वेळ नसेल तर दोन मोठे चमचे कुळथाची पिठी गार पाण्यात गुठळी मोडून कालवा, उकळत्या सुपात ओता आणि सात-आठ मिनिटं उकळा, नाहीतर कच्चट वास राहतो. पिठीने दाटपणाही येतो, म्हणून कंद शंभर-दीडशे ग्रॅमने कमी करा. रताळं आणि कुळीथ ही जोडी विशेष जमते.

मांसाहारी सुपाला कोलंबीची टरफलं आणि डोकी घ्या, पाव किलो कोलंबी सोलून जेवढी निघतील तेवढी. चमचाभर तेलात लालसर होऊन खमंग वास सुटेपर्यंत ४-५ मिनिटं परता, १ लिटर पाणी घालून २० मिनिटं मंद उकळा, डोकी डावाने दाबा आणि कापडातून गाळा. तासभर उकळून जास्त काही मिळत नाही. सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी) वापरायचे तर २० ग्रॅम पुरेत. धुऊन, दहा मिनिटं भिजवून, तेलात परतून घाला. त्यांच्या खारटपणाचा हिशोब धरा.

या कोलंबीच्या किंवा सुरणाच्या सुपात ४-५ तिरफळं छान लागतात. आतली काळी बी काढून टाका, टरफल किंचित ठेचून शेवटची पाच मिनिटं सुपात ठेवा आणि काढून घ्या. मिक्सरमध्ये तिरफळ गेलं की सूप कडू आणि जीभ बधिर. बिटाबरोबर ते अजिबात जुळत नाही.

वरून खोबरेल तेलात ठेचलेली लसूण, कढीपत्ता आणि एक सुकी मिरची, एवढी फोडणी बास. तिरफळ असेल तर फोडणी नको.

गॅस वाचवायला रताळी कुकरमध्ये उकडून मग वरवर भाजली तर? – वाचक, चिपळूण

चालेल, पण गोडी कमी मिळेल. रताळ्यात स्टार्चचं साखरेत रूपांतर करणारं एंझाइम असतं, ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान जोमाने काम करतं. कुकरमध्ये रताळं हा टप्पा झटकन ओलांडतं, निखाऱ्यात सावकाश. कणगर किंवा बटाटा असेल तर कुकरने फारसं बिघडत नाही. कच्ची रताळी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीने गाभा टणक होतो आणि मग तो कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही.

रानातले करांदे भाजून सुपात घातले तर? – वाचक, खेड

नको. करांद्यांच्या रानटी, कडू जातींत यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात आणि भाजल्याने ती जात नाहीत. ओळखीच्या लागवडीचे करांदे मिठाच्या पाण्यात उकडा, पाणी टाका, चव घ्या. जराही कडू लागला तर तो करांदा टाकून द्या. सुपात एक कडू करांदा अख्खं पातेलं घालवतो.

वाडीत शेकोटीच्या रात्री ३० जणांसाठी करायचं आहे. प्रमाण फक्त साडेसातपट करावं का? आधी करून ठेवता येईल का? – वाचक, राजापूर

कंद साडेसातपट, म्हणजे साडेपाच किलो. पाणी मात्र ७ लिटरच्या आत ठेवा, कारण मोठ्या टोपात त्या मानाने वाफ कमी जाते. गरम पाण्याची एक किटली बाजूला असू द्या. मीठ आधी ५० ग्रॅम, उरलेलं चवीने. आलं आणि मिरपूड पाचपटच घ्या. नारळ ६, आमसुलं ३०.

कंद आदल्या दिवशी भाजून, कुस्करून फ्रिजमध्ये ठेवता येतात. नारळ आणि आमसूल न घातलेलं तयार सूपही फ्रिजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतं. आपल्या दमट हवेत ते बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, थंडी असली तरी. रुंद परातीत ओतून लवकर निववा आणि मग आत ठेवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेलं दिसेल, गरम करताना लिटरमागे वाटीभर उकळतं पाणी लागेल.

मोठ्या टोपात खरा धोका बूड लागण्याचा. स्टार्च खाली बसतो आणि चुलीचा जाळ मधोमध लागतो. जाळ ओढून निखाऱ्यावर ठेवा आणि लांब दांड्याच्या उलथन्याने बुडापासून ढवळत राहा. खाली धरल्याचा वास आला की खरवडू नका. न ढवळता वरचं सूप लगेच दुसऱ्या टोपात काढून घ्या, खालचं चार बोटं तसंच सोडा. नारळाचं दूध त्या दुसऱ्या टोपात, तो चुलीवरून खाली उतरवल्यावर घाला.